नावे-जमा

टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो.
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
साडेसहाला सुटलो की दाजी पेठेत, शाळेमागे,
जिथलं सिमेंट दिवसभराचं ऊन
रात्री नऊपर्यंत परत फेडत बसतं,
तिथे मी मुलींचा बास्केटबॉल संघ बांधत होतो.
तीन वर्षं.

लीगचा नियम असा :
जून लागला की फळ्यावर नव्या पोरींची नावं.
जो संघ तळाला, तो पहिला उठतो,
हव्या त्या नावावर खडूने रेघ मारतो.
रेघ मारली की पोर आपली.

पहिल्या वर्षी आम्ही तळाला होतो.
होतो म्हणजे, मी ठेवलं.
हरा, असं कुणाला म्हणालो नाही.
फक्त नागमणी इराबत्तीला शेवटचे चार सामने
बाकावर बसवलं, म्हणालो, गुडघा जप.
गुडघा ठणठणीत होता.
ती काही बोलली नाही.
सगळ्यांच्या बाटल्या भरून आणायची तेवढी.

रेघ मारली गुरुबाई कळशेट्टीवर.
मंद्रूपहून मामाकडे शिकायला आलेली,
पावणेसहा फूट, आणि पंधरावं नुकतं लागलेलं.
चेंडू असा धरायची
जशी शेजारणीची घागर, फुटली तर भरून द्यावी लागेल.
तो खडू दोन दिवस बोटावरून गेला नाही.
किंवा मी धुतला नसेल.

दुसऱ्या वर्षी उंची होती, लांबून टाकणारं कुणी नव्हतं.
सात रस्त्याला चहा पिता पिता
रेल्वे लाइन्सचे लोबो सर म्हणाले,
रुबिना नदाफ घ्या. दहातले सहा टाकते.
वर आमची पुढच्या वर्षीची निवडही घ्या.
आणि मला?
मला ती द्या, पाणी भरणारी.
तुम्ही बसवून ठेवलेली.
चहावर साय धरली होती. मी ती बोटाने काढली
आणि हो म्हणालो.

नागमणीच्या आईला सांगायला गेलो.
सुपात तंबाखू, बोटात दोरा,
हजारातल्या किती झाल्या ते तोंडाने चालू, तेलुगूत.
न थांबता तिने विचारलं,
बदल्यात काय मिळालं?
एक पोर. आणि एक निवड.
एकीच्या दोन झाल्या की हो सर,
मग उभे का? बसा.
मी बसलो नाही.

तिसऱ्या वर्षी बाहेरची एक खेळाडू घेता येत होती.
पोस्टातली हेमलता दुलंगे, एकतीस वर्षांची,
एके काळी जिल्ह्याची कप्तान.
मानधन नको, म्हणाली,
सासूबाईंशी तेवढं तुम्ही बोला.
बोललो. दीड तास. भाकरी किती, कुकर कोण लावणार,
बाळ रडलं तर काय.
एवढा कडक करार मी कारखान्यातही वाचला नाही.
बाळ मग कोर्टाच्या कडेला, आमच्याच टॉवेलवर.

मग कुठे संघ दिसू लागला.
एक ओरडायची दे, एक इव्वु, एक कोडु,
चेंडूला तिन्ही कळायच्या.
हरलो तरी घरी कुणी लवकर जाईना.

फायनल रेल्वे लाइन्सशीच.
अकरा सेकंद. एका गुणाने आम्ही पुढे.
चेंडू नागमणीकडे.
डावा खांदा पाडून उजवीकडे जायचं,
हे तिला मीच शिकवलेलं, ती सहावीत असताना, ह्याच कडीखाली.
मी गुरुबाईला ओरडून सांगितलं, उजवीकडे!
लांब हात वर गेले. चेंडू त्यांवरूनही गेला,
कडीवर एक फेरी, मग अर्धी,
आणि बाहेर.

पोरींनी मला उचललं. बाळ घाबरून रडलं.
करंडक घेऊन मी पलीकडे गेलो.
ती बाटल्या गोळा करत होती,
त्यांच्या पोरींच्या, आणि त्यांत आमच्याही दोन.
म्हणालो,
गुडघा कसा आहे?

कुठला? ती म्हणाली.